व्यायामात चढणारी आणि विश्रांतीत उतरणारी नाडी

नाडीचा आकडा आता वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या बोटांपुरता मर्यादित राहिलेला नाही. मनगटी घड्याळे तो दिवसरात्र नोंदवतात आणि व्यायामशाळेतील धावपट्टी तो लाल अक्षरांत दाखवते. आकडा समोर दिसतो, पण त्याचा अर्थ सहसा कोणी सांगत नाही. धावताना नाडी १६५ वर गेली तर घाबरावे काय, बरोबरीच्या मित्राची नाडी त्याच वेगात १४० असेल तर तो अधिक सुदृढ समजावा काय, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याची नाडी १२० पुढे का जात नाही, असे प्रश्न त्यातून उभे राहतात. बहुतेकांचे लक्ष नाडी किती चढली याकडे असते. व्यायाम थांबल्यावर पहिल्या मिनिटात ती किती उतरली, हा आकडा मात्र क्वचितच पाहिला जातो. गेल्या पाव शतकातील संशोधनाने त्यालाच मोठे महत्त्व दिले आहे.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसासाठी या विषयाला आणखी एक किनार आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातील दक्षिण आशियाई रुग्णांची माहिती २००७ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली. पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचे मध्यम वय दक्षिण आशियाई देशांत ५३ वर्षे, तर इतर देशांत सुमारे ५९ वर्षे आढळले. दिवसभर खुर्चीत बसून काम आणि शनिवार-रविवारी एकदम बॅडमिंटन किंवा क्रिकेट, अशी दिनचर्या असलेल्या चाळिशी-पन्नाशीतील व्यक्तीने आपल्या नाडीची भाषा समजून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

नाडी म्हणजे नेमके काय

डावी जवनिका आकुंचन पावते तेव्हा महारोहिणीत एकाच झटक्यात सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलले जाते. लवचीक भिंतींची ही रोहिणी त्या धक्क्याने फुगते आणि फुगवट्याची लाट पुढच्या रोहिण्यांतून धावत जाते. मनगटावर बोटाला जाणवते ती ही दाबाची लाट होय. ती रक्ताबरोबर वाहत येत नाही, रक्ताच्या कितीतरी पुढे धावते. महारोहिणीत रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला काही दशक सेंटिमीटर असतो, तर लाटेचा वेग सेकंदाला पाच मीटर किंवा त्याहून अधिक असतो. वयपरत्वे रोहिण्या ताठर होतात तसतसा लाटेचा वेग वाढत जातो. त्यामुळे या वेगावरून रोहिण्यांचा ताठरपणाही अजमावता येतो.

नाडी पाहण्याची परंपरा जुनी आहे. आयुर्वेदात ‘शार्ङ्गधर संहिते’ने अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या धमनीला जीवाची साक्षीदार मानले आणि तिच्या गतीला साप, बेडूक, हंस अशा प्राण्यांच्या चालीची उपमा दिली. नुकतेच स्नान केलेल्या, जेवलेल्या किंवा व्यायामाने थकलेल्या माणसाची नाडी नीट कळत नाही, असा इशाराही या परंपरेतील ग्रंथांत आढळतो. युरोपात सतराव्या शतकाच्या आरंभी सँटोरिओ याने लंबकाच्या साहाय्याने नाडीचा वेग मोजला. विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचे स्वरूप मांडले. जॉन फ्लॉयर याने १७०७ मध्ये नाडीसाठी एक मिनिट चालणारे घड्याळ वापरात आणले आणि एटिएन-ज्यूल मारे याने १८६० मध्ये नाडीची लाट कागदावर रेखणारे उपकरण तयार केले. जुन्या वैद्यांनी जो क्षण नाडीपरीक्षेसाठी टाळला, तो व्यायामानंतरचा क्षण आज हृदयाच्या परीक्षेसाठी मुद्दाम निवडला जातो.

विश्रांतीतील नाडी

प्रौढ व्यक्तीची विश्रांतीतील नाडी मिनिटाला ६० ते १०० च्या दरम्यान असणे सर्वसामान्य मानले जाते. धावणे, सायकल चालवणे, पोहणे यांचा दीर्घ सराव असलेल्यांची नाडी ४० ते ६० असू शकते आणि कोणताही त्रास नसेल तर ती चांगल्या सरावाची खूण असते. ताप, अपुरी झोप, कॉफी, मद्य, मानसिक ताण, रक्तक्षय आणि थायरॉइडचा अतिरेक यांमुळे हा आकडा वाढतो.

हृदयाला स्वतःचा ताल असतो. उजव्या कर्णिकेतील नैसर्गिक पेसमेकरला कोणत्याही चेतेने हात लावला नाही, तर तरुण प्रौढाचे हृदय मिनिटाला सुमारे १०० ठोके देते. विश्रांतीत ते ७० च्या आसपास राहते, कारण परानुकंपी चेतासंस्थेची व्हेगस ही चेता त्याला सतत लगाम घालत असते. अनुकंपी चेतासंस्था त्याउलट हृदयाला टाच मारते. व्यायामातील आणि विश्रांतीतील नाडीचा जवळजवळ सगळा व्यवहार या लगामाचा आणि टाचेचा आहे.

पहिली काही सेकंदे

धावण्याच्या शर्यतीत पिस्तूल झाडले जाण्यापूर्वीच स्पर्धकांची नाडी वाढलेली असते. हालचालीचा आदेश देणारा मेंदू त्याच वेळी रक्ताभिसरणाच्या केंद्रांनाही सूचना देतो, हे त्यामागील कारण. प्रत्यक्ष हालचाल सुरू होताच पहिल्या एक-दोन ठोक्यांतच वेग बदलतो. इतक्या झटपट होणारे काम लगाम सैल सोडण्याचेच असू शकते. व्हेगस चेतेचा प्रभाव क्षणार्धात ओसरतो. अनुकंपी चेतांचा परिणाम पूर्णपणे दिसण्यास मात्र काही सेकंद लागतात. हलणाऱ्या स्नायूंतून आणि सांध्यांतून निघणारे संदेशही या वाढीला हातभार लावतात.

साधारणपणे १०० पर्यंतची वाढ मुख्यतः लगाम सुटल्याने होते. त्यापुढे अनुकंपी चेतासंस्था सूत्रे हाती घेते. चेतांच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रिनॅलिन सुटते, मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात मिसळते आणि हृदय अधिक वेगाने तसेच अधिक जोराने आकुंचन पावू लागते.

चेतांचे हे महत्त्व हृदयप्रत्यारोपण झालेल्या व्यक्तींमध्ये स्पष्ट दिसते. शस्त्रक्रियेत नव्या हृदयाच्या चेता तुटलेल्या असतात. त्यामुळे अशा व्यक्तीची नाडी विश्रांतीतही ९० ते ११० असते, व्यायाम सुरू केल्यावर कित्येक मिनिटे संथपणे चढते आणि व्यायाम थांबल्यानंतरही काही काळ उंच राहून हळूहळू उतरते. तिथे चेतांची जागा रक्तातून येणारे अ‍ॅड्रिनॅलिन घेते आणि त्याला यायला तसाच जायलाही वेळ लागतो.

किती रक्त, कोणाकडे

नाडीचा वेग हा हिशेबाचा एक भाग झाला. हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते, हे ठोक्यांची संख्या आणि दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त यांच्या गुणाकाराने ठरते. विश्रांतीत ७२ ठोके आणि दर ठोक्याला ७० मिलिलिटर धरल्यास हे प्रमाण सुमारे ५ लिटर होते. जोमदार व्यायामात नाडी १८० आणि दर ठोक्याचे रक्त ११० मिलिलिटर झाले, तर तेच जवळजवळ २० लिटरवर जाते. उच्च दर्जाच्या सहनशक्ती-क्रीडापटूंमध्ये ते ३५ लिटरच्याही पुढे जाऊ शकते.

सर्वसामान्य माणसात दर ठोक्याचे रक्त मध्यम श्रमापर्यंत वाढते आणि नंतर बहुधा स्थिरावते. पुढची सारी वाढ नाडीच्या वेगानेच साधावी लागते. म्हणूनच मध्यम श्रमापुढे श्रमाची पातळी, प्राणवायूचा वापर आणि नाडी ही जवळजवळ सरळ रेषेत एकमेकांबरोबर चढतात. नाडी हा श्रमाचा सोयीचा मापक ठरतो तो या नात्यामुळे.

रक्ताची वाटणीही बदलते. विश्रांतीत स्नायूंच्या वाट्याला एकूण रक्ताचा १५ ते २० टक्के भाग येतो. कठोर व्यायामात हा वाटा ८० टक्क्यांच्या पुढे जातो. पचनसंस्था आणि मूत्रपिंडे यांच्याकडील पुरवठा तेवढ्यापुरता आखडता घेतला जातो. भरल्या पोटी धावताना होणारी ओढाताण त्यामुळे समजण्यासारखी आहे.

बोटाखाली जाणवणारा फरक

व्यायामात नाडी केवळ जलद होत नाही, ती जोरकसही होते. वरचा रक्तदाब श्रमाबरोबर वाढत जातो. विश्रांतीत १२० असलेला दाब जोमदार व्यायामात १८० ते २०० पर्यंत जाणे निरोगी माणसातही घडते. खालचा दाब मात्र फारसा बदलत नाही, किंबहुना किंचित उतरतो, कारण कामात गुंतलेल्या स्नायूंतील सूक्ष्म रोहिण्या रुंदावलेल्या असतात. दोन्ही दाबांतील अंतर ४० वरून १०० किंवा त्याहून अधिक होते. बोटाखाली नाडी उसळल्यासारखी वाटते ती या अंतरामुळे. जड वजन उचलताना किंवा श्वास रोखून जोर लावताना चित्र निराळे असते. तेव्हा दोन्ही दाब एकदम चढतात. अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी अशा व्यायामात सावध राहावे, असा सल्ला त्यासाठीच दिला जातो.

वेगाची एक किंमतही असते. नाडी ७० असताना एका ठोक्याचा पूर्ण फेरा सुमारे ०.८६ सेकंदाचा असतो आणि त्यातील बराच मोठा भाग हृदयाच्या शिथिलनाचा असतो. नाडी १८० झाली की फेरा ०.३३ सेकंदाचा होतो. या काटछाटीत आकुंचनाचा काळ थोडा कमी होतो, तर शिथिलनाचा काळ फारच घटतो. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या हृद्रोहिण्यांतून रक्त मुख्यतः शिथिलनाच्या काळात वाहते. निरोगी हृद्रोहिण्या रुंदावून ही उणीव भरून काढतात. चरबीच्या थरांनी अरुंद झालेल्या रोहिण्यांना ते जमत नाही. विश्रांतीत काहीच न जाणवणाऱ्या माणसाला जिना चढताना छातीत दडपण येते, त्यामागील गणित हे आहे.

कमाल नाडी आणि सूत्रांची मर्यादा

‘२२० वजा वय’ हे सूत्र व्यायामशाळेच्या भिंतींवर सर्वत्र आढळते. ते १९७१ मध्ये फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या लेखातून रूढ झाले आणि सोपेपणामुळे टिकले. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांच्या आधारे ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ असे सूत्र मांडले. वयाच्या चाळिशीत दोन्ही सूत्रे १८० हाच आकडा देतात. पुढे ती दुरावतात. ६५ व्या वर्षी जुने सूत्र १५५ सांगते, तर नवे सुमारे १६२. २०१० मध्ये गुलाटी आणि सहकाऱ्यांनी स्त्रियांसाठी ‘२०६ वजा वयाच्या ०.८८ पट’ असे निराळे सूत्र सुचवले.

कोणतेही सूत्र सरासरी सांगते. एकाच वयाच्या दोन निरोगी व्यक्तींच्या कमाल नाडीत २० ठोक्यांचा फरकही सहज असू शकतो. तेव्हा सूत्रापेक्षा नाडी पाच ठोके वर गेली म्हणून भिण्याचे आणि मित्रापेक्षा कमी राहिली म्हणून हुरळण्याचे कारण नाही. कमाल नाडी सरावाने वाढतही नाही. ती मुख्यत्वे वयाने ठरते आणि वयाबरोबर उतरते.

व्यायामाची तीव्रता ठरवण्यासाठी फिनलंडचे मार्टी कार्व्होनेन यांनी १९५७ मध्ये मांडलेली पद्धत अधिक उपयुक्त आहे. कमाल नाडीतून विश्रांतीतील नाडी वजा केली की हृदयाची राखीव शक्ती मिळते. ४५ वर्षांच्या व्यक्तीची विश्रांतीतील नाडी ७० आणि अनुमानित कमाल नाडी १७६ असेल, तर राखीव शक्ती १०६ ठोक्यांची झाली. तिचे ४० टक्के म्हणजे सुमारे ४२, त्यात ७० मिळवले की ११२. ६० टक्क्यांचा हिशेब सुमारे १३४ वर जातो. या व्यक्तीसाठी ११२ ते १३४ हा मध्यम व्यायामाचा पट्टा आणि त्यापुढचा जोमदार व्यायामाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम करावा.

उष्णता आणि हळूहळू सरकणारी नाडी

एकाच वेगाने अर्ध्या तासाहून अधिक धावत राहिल्यास श्रम तेवढेच असूनही नाडी हळूहळू चढत जाते. घामावाटे पाणी जाते, शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त घटते. ही तूट भरून काढण्यासाठी ठोक्यांची संख्या वाढवण्यावाचून हृदयाला गत्यंतर नसते. शरीराचे आतील तापमान एका अंश सेल्सिअसने वाढले की नाडी साधारण ८ ते १० ठोक्यांनी वाढते.

आखाती देशांत राहणाऱ्यांना हा अनुभव नित्याचा आहे. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास बंदी असते, ती उष्णतेच्या याच ओझ्यामुळे. दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीराचे थंड होण्याचे मुख्य साधनच निकामी होते. हिवाळ्यात १३० नाडीवर जमणारा चालण्याचा वेग उन्हाळ्याच्या संध्याकाळी १५० वर नेत असेल, तर प्रकृती ढासळली असे मानण्याचे कारण नाही, पण वेग कमी करणे हिताचे. नव्या हवामानाशी जुळवून घ्यायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. थंड देशातून मे महिन्यात गावी आलेल्या पाहुण्याने दुसऱ्याच दिवशी सिंहगडाच्या चढणीवर जुन्या मित्रांबरोबर बरोबरी करू नये, ती त्यासाठीच.

परतीचा प्रवास

व्यायाम थांबल्यावर नाडी दोन टप्प्यांत उतरते. पहिला टप्पा वेगवान असतो. मेंदूचा आदेश आणि स्नायूंचे संदेश थांबताच व्हेगस चेता पुन्हा लगाम ओढते आणि पहिल्या मिनिटातच नाडी लक्षणीय खाली येते. दुसरा टप्पा संथ असतो. रक्तातील अ‍ॅड्रिनॅलिनचा निचरा, शरीराचे तापमान खाली येणे आणि गेलेल्या पाण्याची भरपाई यांवर तो अवलंबून असतो. कठोर व्यायामानंतर नाडी मूळ पातळीवर यायला एक तास किंवा अधिकही लागू शकतो. रक्तदाब मात्र कित्येकदा व्यायामापूर्वीच्या पातळीपेक्षाही खाली जातो आणि काही तास तसा राहतो. उच्च रक्तदाब असलेल्यांना नियमित चालण्याचा जो लाभ होतो, त्याचा एक धागा इथे सापडतो.

व्यायाम एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. धावताना पायांचे स्नायू नीलांना पिळून रक्त वर ढकलत असतात आणि एक प्रकारे दुसऱ्या हृदयाचे काम करतात. माणूस जागच्या जागी उभा राहिला की हा पंप बंद पडतो. स्नायूंतील रक्तवाहिन्या अजून रुंदावलेल्या असल्याने रक्त पायांत साचते, हृदयाकडे परतणारे रक्त घटते, दाब उतरतो आणि भोवळ येते. शेवटची पाच ते दहा मिनिटे वेग कमी करत चालत राहणे, हा त्यावरील साधा उपाय आहे.

पहिल्या मिनिटाचे मोल

अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकमधील कोल, लॉअर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. व्यायाम-चाचणीसाठी आलेल्या २,४२८ प्रौढांची कमाल नाडी आणि त्यानंतर सावकाश चालत असताना एका मिनिटाने असलेली नाडी यांतील फरक त्यांनी नोंदवला. हा फरक १२ किंवा त्याहून कमी असलेल्यांना असामान्य गटात धरले. असे २६ टक्के लोक निघाले. सहा वर्षांच्या पाठपुराव्यात या गटातील मृत्यूचे प्रमाण इतरांच्या चौपट आढळले. वय, इतर आजार आणि व्यायामक्षमता यांचा हिशेब केल्यानंतरही धोका दुपटीच्या आसपास राहिला.

२००५ मध्ये फ्रान्समधील झुवाँ आणि सहकाऱ्यांनी पॅरिसमधील ४२ ते ५३ वयाच्या ५,७१३ नोकरदार पुरुषांच्या सुमारे २३ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष मांडले. विश्रांतीतील नाडी ७५ पेक्षा अधिक, व्यायामातील वाढ ८९ ठोक्यांपेक्षा कमी आणि पहिल्या मिनिटातील उतार २५ ठोक्यांपेक्षा कमी असलेल्यांत आकस्मिक हृदयमृत्यूचा धोका अधिक दिसला. सुरुवातीच्या तपासणीत या पुरुषांना हृदयविकार आढळलेला नव्हता, हे विशेष.

दोन्ही अभ्यासांतील सीमारेषा वेगळ्या आहेत, कारण चाचणीच्या पद्धती वेगळ्या होत्या. व्यायामानंतर माणूस चालत राहिला, बसला की आडवा झाला, यावर उतार बदलतो. आडवे झाल्यास नाडी अधिक वेगाने उतरते, म्हणून अशा चाचणीत १८ ठोक्यांची सीमा वापरली गेली आहे. तेव्हा घरच्या मोजणीवरून स्वतःला रुग्ण ठरवणे चुकीचे. उताराचा आकडा व्हेगस चेतेच्या कार्यक्षमतेची झलक दाखवतो, रोगाचे निदान करत नाही. एकाच पद्धतीने महिनोन्महिने घेतलेल्या नोंदींचा कल पाहणे अधिक अर्थपूर्ण. उतार सातत्याने १२ पेक्षा कमी राहत असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे तो आकडा ठेवावा. आणि दिलासा देणारी बाब अशी की नियमित व्यायामाने हा उतार सुधारतो.

औषधे घेणाऱ्यांची नाडी

मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारखी बीटा-ब्लॉकर औषधे अनुकंपी चेतासंस्थेची टाच बोथट करतात. ती घेणाऱ्याची नाडी विश्रांतीत कमी असते आणि व्यायामातही मर्यादेतच वाढते. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल यांचाही परिणाम नाडी मंदावण्याचा असतो. अशा व्यक्तींना वयाची सूत्रे लागू पडत नाहीत.

परदेशातील मुलांनी पुण्या-नागपूरच्या घरी पाठवलेल्या घड्याळामुळे आईवडिलांचे आकडे आता हजारो मैलांवर दिसू लागले आहेत. सत्तरीच्या वडिलांची नाडी चालतानाही ९५ च्या पुढे जात नाही, हे पाहून काळजीत पडण्यापूर्वी किंवा ‘बाबा, आणखी जोरात चाला’ असा आग्रह धरण्यापूर्वी त्यांच्या गोळ्यांची यादी पाहावी. आकडा कमी दिसतो म्हणून गोळी स्वतःहून बंद करणे तर अत्यंत धोक्याचे. बीटा-ब्लॉकर एकाएकी थांबवल्यास नाडी आणि दाब उसळी घेतात आणि हृद्रोहिण्यांचा विकार असलेल्यांना झटकाही येऊ शकतो. दुसरीकडे, असे कोणतेही औषध नसताना नाडी श्रमाच्या मानाने वाढतच नसेल आणि दम लागत असेल, तर हृदयातील विद्युतव्यवस्थेची तपासणी आवश्यक ठरते.

औषधे घेणाऱ्यांसाठी बोलण्याची कसोटी सर्वांत सुटसुटीत आहे. चालताना पूर्ण वाक्ये बोलता येतात पण गाणे म्हणता येत नाही, इतका श्रम मध्यम समजावा. दोन-चार शब्दांपुढे श्वास पुरत नसेल, तर तो जोमदार. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेली ६ ते २० अंकांची श्रममापनाची पट्टीही जगभर वापरली जाते. निरोगी तरुणात तिच्यावरील अंकाला दहाने गुणले की नाडीचा अदमास येतो.

मोजणी अचूक कशी करावी

मनगटाच्या आतील बाजूस, अंगठ्याच्या मुळाखाली, तर्जनी आणि मधले बोट हलकेच ठेवावे. अंगठ्याने मोजू नये, कारण मोजणाऱ्याच्या स्वतःच्या अंगठ्यातील नाडी फसवते. विश्रांतीतील नाडी सकाळी उठल्यावर, अंथरुणातच, पूर्ण एक मिनिट मोजावी. व्यायामानंतर मात्र एक मिनिट मोजत बसल्यास तेवढ्यात नाडी उतरते आणि आकडा खोटा कमी येतो. त्यासाठी १५ सेकंद मोजून चारने गुणावे. मानेतील नाडी पाहायची झाल्यास एकाच बाजूला हलका स्पर्श करावा. तिथे जोराने दाबल्यास दाबाची जाणीव ठेवणारी यंत्रणा नाडी मंदावते आणि चक्कर येऊ शकते.

मनगटी घड्याळे त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून परावर्तित प्रकाशातील चढउतारांवरून नाडी ओळखतात. स्थिर बसलेल्या माणसात ती बहुधा विश्वासार्ह असतात. धावताना पट्टा सैल असेल, हात थंड असेल किंवा त्या जागी गोंदलेले असेल, तर ती चुकतात. कधी कधी पावलांच्या तालालाच ती नाडी समजतात. घड्याळ मनगटाच्या हाडापासून थोडे वर आणि घट्ट बांधावे. छातीला बांधायचा पट्टा हृदयाचे विद्युतसंकेत टिपतो, त्यामुळे जोमदार व्यायामात तो अधिक अचूक असतो.

केव्हा थांबावे

व्यायामात नाडी वाढणे स्वाभाविक आहे, पण पुढील लक्षणे दिसताच थांबावे. छातीच्या मध्यभागी दडपण, जळजळ किंवा आवळल्यासारखे वाटणे. डाव्या हातात, खांद्यात, पाठीत किंवा जबड्यात पसरणारी वेदना. श्रमाच्या मानाने फार लागलेली धाप, थंड घाम, मळमळ. धावताना अंधारी येणे किंवा शुद्ध हरपणे. अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी धडधड. बोटाखाली कोणताच ताल न सापडणारी, पूर्णपणे अनियमित नाडी. यांतील शेवटच्या खुणेमागे कर्णिकांचे कंपन असू शकते आणि त्यातून पक्षाघाताचा धोका संभवतो. मधुमेह असलेल्यांमध्ये तसेच स्त्रियांमध्ये छातीत न दुखता केवळ धाप आणि थकवा एवढीच लक्षणे असू शकतात. पित्त झाले असेल, असे म्हणून ती अंगावर काढणे अनेकांना महागात पडले आहे.

विश्रांतीनंतरही छातीतील दडपण काही मिनिटांत ओसरले नाही, तर स्वतः गाडी न चालवता रुग्णवाहिका बोलवावी. ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११, संयुक्त अरब अमिरातीत ९९८ आणि महाराष्ट्रात १०८ हे क्रमांक घरातील सर्वांना ठाऊक असावेत. कोणी मैदानावर कोसळले, प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर मदत येईपर्यंत छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहावे आणि जवळचे डीफिब्रिलेटर यंत्र मागवावे.

सरावाने बदलणारे हृदय

काही महिने नियमित व्यायाम केल्यावर डाव्या जवनिकेत अधिक रक्त मावू लागते, एकूण रक्ताचे आकारमान वाढते आणि व्हेगस चेतेचा विश्रांतीतील प्रभाव बळावतो. परिणामी विश्रांतीतील नाडी कमी होते, त्याच वेगाच्या चालण्याला पूर्वीपेक्षा कमी ठोके लागतात आणि थांबल्यावर नाडी अधिक चटकन खाली येते. विश्रांतीतील नाडी ७५ वरून ६५ वर आली, तर दिवसाकाठी १४,४०० ठोक्यांची बचत होते. व्यायाम दीर्घकाळ सोडल्यास हे लाभ काही आठवड्यांतच ओसरू लागतात. आठवडाभर बैठक आणि रविवारी तीन तास मैदान, या पद्धतीत हृदयाला जुळवून घेण्याची सवडच मिळत नाही. ज्यांनी बराच काळ व्यायाम केलेला नाही, ज्यांना मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा धूम्रपानाची सवय आहे, किंवा ज्यांच्या घराण्यात लहान वयात हृदयविकार झाला आहे, त्यांनी जोमदार व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि चालण्यापासून आरंभ करावा.

घरच्या नोंदवहीसाठी तीन आकडे पुरेसे आहेत : सकाळची नाडी, ठरावीक अंतर ठरावीक वेगाने चालल्यावरची नाडी आणि त्यानंतर एका मिनिटाने असलेली नाडी. महिन्यातून दोनदा, त्याच वाटेवर, शक्यतो त्याच वेळी ते टिपावेत. पहिला आणि दुसरा आकडा काळाबरोबर खाली येत असेल आणि दुसऱ्या-तिसऱ्यातील अंतर वाढत असेल, तर व्यायाम योग्य दिशेने चालला आहे. हे चित्र काहीही कारण नसताना उलटे फिरू लागले, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जाण्याची वेळ झाली आहे, असे समजावे.